शून्य वापराचे मानकरी

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या इमारतीला लाल शेरा मिळाला. त्यात विशेष काही नव्हतं. दर महिन्याला तो मिळायचाच, आणि दर महिन्याला त्याचं कारण बाबाच असायचे.

शहराने शाश्वत नागरी वापर धोरण स्वीकारलं होतं आणि ते राबवण्यासाठी 'समतोल' नावाचा डिजिटल मंच उभा केला होता. प्रत्येक घराचं पाणी, वीज आणि कचरा यांची नोंद आपोआप समतोलवर जायची. घरमालकाच्या नावाने खातं असायचं, आणि सगळ्या खात्यांची सरासरी काढून इमारतीला रंग दिला जायचा. हिरव्या इमारतीला लिफ्ट चालवायची परवानगी होती. पिवळ्या इमारतीत लिफ्ट फक्त सामानासाठी. लाल इमारतीतल्या लिफ्टला कुलूप. यामागचा विचार असा, की जिने चढणारा माणूस चढता चढता आपल्या वापराबद्दल विचार करतो. बाबांच्या इमारतीतली माणसं जिने चढताना बाबांबद्दल विचार करायची.

बाबांनी सगळी नोकरी पोहण्याच्या तलावावर लोकांना पोहायला शिकवण्यात काढली होती. पाणी ही मोजून वापरायची वस्तू आहे हे त्यांच्या मनाला कधी शिवलंच नाही. सकाळी आंघोळ, संध्याकाळी आंघोळ, दोन्ही निवांत, आणि दोन्हींत शिट्टी. ती शिट्टी पाण्याच्या पाइपांतून सगळ्या मजल्यांवर पोचायची, त्यामुळे कोणाच्या पाण्यावर इमारत लाल होते आहे याबद्दल कोणाच्याही मनात शंका उरायची नाही. दाढी करताना ते नळ सोडून ठेवायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, बंद केला की सोबत गेल्यासारखं वाटतं. आई गेल्यापासून ते एकटेच राहत होते.

त्या रविवारी मी नेहमीप्रमाणे त्यांच्याकडे गेले होते. चहा होतोय तोच जलमित्र आले. जलमित्र हे पद धोरणाने निर्माण केलेलं होतं. प्रत्येक इमारतीत एक जलमित्र नेमायचा आणि त्याने रहिवाशांना प्रेमाने समजावायचं. बाबांच्या इमारतीचे जलमित्र तळमजल्यावर राहायचे. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना समजावायला माणसं कमी पडत होती, ती उणीव या पदाने भरून काढली होती. ते अतिशय सभ्यपणे म्हणाले, की याच इमारतीत एका बादलीत आंघोळ आणि फरशी दोन्ही उरकणारी कुटुंबं आहेत. काकांनी थोडं मनावर घेतलं तर सगळ्यांचंच भलं होईल.

"अहो, मी पाणी वापरतो, खात नाही," बाबा म्हणाले. "जातं ते सगळं खाली तुमच्याच दिशेने येतं. जरा धीर धरा."

जलमित्र हसले नाहीत. सुशिक्षित मुलगी म्हणून तुम्ही तरी सांगा, असं ते माझ्याकडे वळून म्हणाले, आणि मी सांगितलंही. माझा धोरणावर विश्वास होता. शहराला पाणी देणारा तलाव दर वर्षी खाली जात होता हे खरं होतं, आणि कोणीतरी काहीतरी करायला हवं होतं हेही खरं होतं. मी म्हटलं, बाबा, निदान एक आंघोळ कमी करा. बाबा म्हणाले, बरं, कुठली करू ते बघतो, आणि विचार करण्यासाठी म्हणून आंघोळीला गेले.

मी निघाले तेव्हा ते आतच होते. मी दाराबाहेरूनच 'येते' म्हणाले, आतून शिट्टीतच उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी इस्पितळात त्यांचं हृदय थांबलं. डॉक्टर म्हणाले, फारसा त्रास झाला नसावा. ते त्यांना कसं कळलं हे मी विचारलं नाही.

मृत्यूचा दाखला विनासायास मिळाला. आमच्या शहरात गेलेल्यांची नोंद ठेवणारा विभाग आणि असलेल्यांचा वापर मोजणारा विभाग एकाच मजल्यावर समोरासमोर आहेत. दोन्हींच्या मधे एक कुंडी आहे आणि तिच्यात प्लास्टिकचं झाड आहे, पाणी लागू नये म्हणून. पहिल्या विभागातलं काम आटोपून मी दुसऱ्याकडे पाहिलं आणि घरी निघाले. म्हटलं, तेवढं कोणीतरी आपोआप करील.

काही आठवड्यांनी माझ्या फोनवर संदेश आला. बाबांच्या खात्याला माझा नंबर जोडलेला होता. 'सन्माननीय नागरिक, गत पंधरवड्यात आपल्या पाणीवापरात शंभर टक्के घट झाल्याचे निदर्शनास आले आहे. आपण दाखवलेल्या निर्धाराबद्दल समतोल आपले अभिनंदन करीत आहे. हा बदल टिकवून ठेवा.' मी एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितशोधनाचं काम करते. संदेशात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी तो पुन्हा वाचला, तेव्हाही सापडली नाही.

मग मात्र मी त्या दुसऱ्या विभागात गेले. काउंटरवरच्या बाई फार चांगल्या होत्या. त्यांनी मला खुर्ची दिली, माझं म्हणणं संपेपर्यंत पडद्याकडे पाहिलं नाही, आणि शेवटी काय काम आहे ते विचारलं.

"खातं बंद करायचंय," मी म्हणाले. "खातेदार आता नाहीत."

"शहरात नाहीत?"

"कुठेच नाहीत."

त्यांनी पडद्यावर कारणं वाचून दाखवली. स्थलांतर, दुबार खातं, तांत्रिक अडचण. मी दाखला पुढे केला. तो त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, आदराने वाचला आणि परत दिला. म्हणाल्या, पूर्वी मृत्यू हेही कारण होतं. पण लाल शेऱ्याला कंटाळून लोक भराभर तेच निवडायला लागले. बघता बघता एक अख्खा वॉर्ड दिवंगत झाला आणि संध्याकाळी बाजारात भेटायला लागला. तेव्हापासून ते कारण काढून टाकलं आहे.

"पण हा दाखला खरा आहे," मी म्हणाले.

"खरा असणारच हो. पण तो समोरच्या विभागाचा आहे. आमच्याशी जोडलेला नाही." मग त्या जरा पुढे झुकल्या. "आणि खरं सांगू का ताई, घट का झाली हे आम्ही कधीच विचारत नाही. टिकली का, एवढंच विचारतो."

संध्याकाळी मला विचारण्यात आलं, की आजचा संवाद समाधानकारक होता का. मी होता असं कळवलं. त्या बाईंची काही चूक नव्हती.

आता हे खातं बंद होणं मला का हवं होतं ते सांगायला पाहिजे. मला बाबांच्या घरात राहायला जायचं होतं. माझी भाड्याची खोली होती, ती वाईट नव्हती, पण बाबांच्या दाराला कुलूप घालायला माझा हात होईना. त्या घरात राहायचं तर ते घर बाबांच्या खात्यातून सुटून माझ्या नावावर यायला हवं होतं. नाहीतर मी उघडलेला प्रत्येक नळ त्यांनी उघडला असं होणार. तरी मी बॅग भरून गेले. म्हटलं, खात्याचं होईल मागाहून.

इमारतीच्या दारावर हिरवा दिवा होता. लिफ्ट चालू होती, आणि ती माझ्यासमोरच उघडली. आत वरच्या मावशी होत्या. या मावशी बाबांच्या वर दोन मजले राहायच्या. गुडघे गेल्यापासून आणि लिफ्टला कुलूप लागल्यापासून त्या खाली आल्याच नव्हत्या; भाजी दोरीला पिशवी बांधून वर ओढून घ्यायच्या आणि इमारतीतल्या भांडणांत खिडकीतून भाग घ्यायच्या. त्यांनी मला लिफ्टच्या दारातच धरलं.

"तुझ्या बाबांना मी फार बोलले गं," त्या म्हणाल्या. "लाल म्हातारा म्हणायचे त्यांना. आणि आता बघ, त्यांच्यामुळेच खाली उतरते. सकाळीही उतरते, संध्याकाळीही उतरते. काही काम नसतं, नुसतीच उतरते."

मी घरात गेले आणि हात धुतले. टॉवेलने पुसून होतात न होतात तोच दारात जलमित्र. जिन्याने धावत आले होते, धाप लागली होती. काकांच्या खात्यात हालचाल दिसली, म्हणाले.

"मी हात धुतले," मी म्हटलं.

"तुम्ही धुतलेत हो. पण नोंद त्यांच्या नावावर झाली." ज्या घरात माणूस गेलंय तिथे बोलावं तितक्या हळू आवाजात ते बोलत होते. "एवढ्या छान चाललेल्या माणसाला आपणच मागे ओढायचं का? आणि मावशींना विचारा एकदा. मी काही म्हणत नाही."

त्यांनी खरोखरच काही म्हटलं नाही. फक्त एक व्यवस्था सुचवली. मी इथे राहायला कोणाचीच हरकत नव्हती, माझी कुठे खूण उमटली नाही म्हणजे झालं. प्यायचं पाणी मी बाहेरून बाटलीत आणायचं. आंघोळ ऑफिसजवळच्या व्यायामशाळेत. दिवे न लावता जिन्यातला दिवा दाराच्या फटीतून येतो त्यावर भागवायचं, कारण जिना सामाईक खात्यात मोडतो. कचरा पर्समधे घालून बाहेर न्यायचा. मी हे सगळं केलं. पुढे समतोलने घरोघरी हवा मोजणारी एक डबी बसवली, तिच्यावरून घरात कोणी श्वास घेतंय का ते कळायचं. तेव्हा जलमित्रांनी माझी खुर्ची स्वतः उचलून खिडकीशी ठेवली आणि श्वास शक्यतो बाहेर सोडा म्हणाले. खिडकीबाहेरची हवा शहराच्या खात्यात जाते. खिडकीत बसले की खाली मावशी लिफ्टमधून बाहेर येताना दिसायच्या. त्या वर बघून हात हलवायच्या. मग मी श्वास बाहेर सोडायचे.

अशा रीतीने त्या घरात आम्ही दोघं राहायला लागलो. कागदोपत्री बाबा राहत होते आणि मी नव्हते.

बाबा आधी वॉर्डात पहिले आले, मग शहरात. त्यानंतर अभ्यासक यायला लागले. दोन तरुण संशोधकांनी न्हाणीघराचे फोटो घेतले, कोरड्या साबणाला पडलेल्या भेगा जवळून टिपल्या, आणि अशी शिस्त एका दिवसात येत नाही, असं एकमेकांना सांगितलं. काका आता कुठे असतात, असं त्यांनी विचारलं तेव्हा जलमित्र माझ्या आधीच म्हणाले, की ते फारसे कोणाला भेटत नाहीत. पुढे ते असंही म्हणाले, की काकांचा मूळ पिंडच संयमी होता, आपण फक्त निमित्त झालो. शहरभर बाबांची चित्रं लागली. चित्रासाठी त्यांना हसरा फोटो हवा होता आणि बाबा फक्त पाण्यातच हसत असत, म्हणून पोहण्याच्या तलावात उभं असतानाचा फोटो मानेपाशी कापून घेतला. खाली लिहिलं होतं, 'यांना जमतं. तुम्हाला?' चित्रातल्या बाबांचे केस ओले आहेत हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

धोरणात अशी तरतूद होती, की शहरातल्या सर्वोत्तम खात्याचा वापर हेच पुढच्या तिमाहीत सर्वांचं उद्दिष्ट धरायचं. ही तरतूद स्पर्धेला चालना मिळावी म्हणून होती. त्यानुसार सर्वांचं उद्दिष्ट शून्य झालं.

सगळ्यात जास्त दडपण बाबांच्या शेजाऱ्यांवर आलं, कारण समतोल प्रत्येकाला त्याच्या जवळच्या चांगल्या उदाहरणाची आठवण करून देत असे. ज्यांनी बाबांविरुद्ध सह्यांचं निवेदन दिलं होतं, त्यांना आता रोज सकाळी विचारलं जाऊ लागलं, की शेजारच्या काकांना जमतं ते तुम्हाला का जमत नाही. माणसं हुशार असतात. त्यांनी आंघोळीला नातेवाइकांकडे जायला सुरुवात केली. स्वयंपाक सासरी, कपडे माहेरी, दाढी ऑफिसात. सकाळी इमारतीतून सगळे एकदम बाहेर पडत, प्रत्येकाच्या हातात पर्स किंवा फाइल, आणि तिच्यात कालचा कचरा. समोरच्या इमारतीच्या डब्यात तो टाकून ते कामाला जात. समोरची इमारत लाल झाली. मग तिथली माणसं तिसऱ्या इमारतीत जायला लागली. आमची इमारत मात्र शहरात आदर्श ठरली, कारण तिच्यात दिवसभर कोणी नसे. तलावाची पातळी पूर्वीसारखीच खाली जात राहिली. तलाव समतोलवर नव्हता.

एके दिवशी मावशी मला लिफ्टमधे भेटल्या. हातात टॉवेल, साबणाची डबी, धुवायच्या कपड्यांचं गाठोडं. भाचीकडे निघाल्या होत्या. भाची काही बोलत नाही, पण तिचीही इमारत आता पिवळी झाली आहे, तेव्हा किती दिवस जमेल कोण जाणे, म्हणाल्या. मग लिफ्टच्या आरशात बघत म्हणाल्या, "खरं सांगू? लिफ्ट नव्हती तेव्हा मी निदान घरी तरी असायचे. आणि सकाळी पाइपातून ती शिट्टी यायची ना, त्यावर मला कळायचं की झाला दिवस सुरू. आता कळतच नाही बाई कधी होतो ते."

त्याच दिवशी मी विभागप्रमुखांची वेळ मागितली.

विभागप्रमुखांच्या खोलीत थंडगार हवा होती आणि टेबलावर काचेचा जग भरून झाकून ठेवला होता, पाहुण्यांसाठी. त्यांनी माझं ऐकून घेतलं. दाखलाही वाचला. समोरच्या विभागाचं काम चोख असतं, असं त्यांचं मत पडलं.

"तुम्ही म्हणता ते गेले," ते म्हणाले. "आमच्याकडे तर ते उत्तम चाललेत."

आणि त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. बाबांच्या वापराचा आलेख होता. डावीकडे डोंगरच डोंगर, मग एक कडा, आणि तिथून पुढे तळाशी एक सरळ रेषा. ते म्हणाले, "इतकी सरळ रेषा मी माझ्या सगळ्या कारकिर्दीत पाहिली नाही." मी पाहिली होती, एकदाच, तीही पडद्यावरच, इस्पितळातल्या. पण तो विषय त्या खोलीतला नव्हता.

त्यांनी मला अडचण समजावून सांगितली. बाबांचं नाव आज काढलं तर उद्दिष्टाचा आधारच जातो. उद्दिष्ट गेलं की मागच्या सगळ्या तिमाह्यांचे शेरे नव्याने काढावे लागतील, हिरव्याचे लाल होतील, कुलपं पुन्हा लागतील. शिवाय आणखी काही शहरांनी हे धोरण जसंच्या तसं उचललं आहे आणि तिथेही बाबांचीच चित्रं लागली आहेत. माझं दुःख वैयक्तिक होतं, त्याचा त्यांना आदर होता. पण वैयक्तिक गोष्टींवर धोरणं चालत नाहीत. "तुमचे वडील आता एकट्या तुमचे राहिलेले नाहीत," ते म्हणाले, आणि हे त्यांनी सांत्वन म्हणून म्हटलं होतं.

तरी त्यांनी वाट काढली. तसा मनुष्य चांगला होता. शून्य वापराचे पहिले मानकरी म्हणून बाबांचा जाहीर सत्कार व्हायचा होता. सत्कारमूर्तीला आपलं खातं वारसाकडे सोपवता येतं, असा नियम होता. मी मंचावर जाऊन सन्मान स्वीकारायचा, बाबांच्या जीवनशैलीबद्दल चार शब्द बोलायचे, की घर त्याच संध्याकाळी माझ्या नावावर. मग मी तिथे राहावं, दिवे लावावे, श्वास कुठेही सोडावा.

"आणि बाबा?" मी विचारलं.

"ते सन्माननीय खातेदार म्हणून यादीत कायम राहतील. त्यांना काढायचा प्रश्नच येत नाही."

मी हो म्हणाले. रस्त्याने येताना वाटलं, यात वाईट तरी काय आहे. तोवर मी सगळ्यांना बाबा गेले, बाबा आता नाहीत, असंच सांगत आले होते. त्याहून सरळ शब्द माझ्या तोंडून एकदाही निघाला नव्हता, आणि तो न निघण्याच्या कामी समतोलने मला फार मदत केली होती. माणूस उत्तम चालला आहे असं सरकार दर पंधरा दिवसांनी लेखी कळवत असताना मुलीने उलट कशाला बोलावं. खरं तर मी त्या संदेशांची वाट बघायला लागले होते. दुसऱ्या कोणाकडून बाबांची खुशाली कळत नव्हती.

सत्काराचा हॉल मोठा होता आणि गारठलेला होता. येणाऱ्या प्रत्येकाला प्लास्टिकची पाण्याची छोटी बाटली आणि पर्यावरणावरचं जाड पुस्तक मिळत होतं. मंचावर निसर्गाचं प्रतीक म्हणून विजेवर चालणारं एक कारंजं केलं होतं. जलमित्रांना प्रेरक म्हणून शाल मिळाली. मावशी दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या, त्यांना विभागाने गाडी पाठवून आणलं होतं. पहिल्या रांगेतले सगळे आपापल्या गाड्यांनी आले होते.

चार शब्द मला विभागाने लिहून दिले होते. मी ते वाचायला लागले. बाबांना पाण्याची किंमत कळत होती. टाळ्या. त्यांनी कधी कोणाच्या वाट्याचं घेतलं नाही. टाळ्या. ते कमीत कमी जागा व्यापतात, कमीत कमी बोलतात, आणि तरीही सतत आपल्यात आहेत. या वाक्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या आणि विभागप्रमुखांनी समाधानाने मान हलवली, कारण ते त्यांचं होतं. मी कागदाची घडी केली. संपलं होतं. घर माझं झालं होतं.

मग निवेदक म्हणाला, की श्रोत्यांपैकी कोणाला मानकऱ्यांच्या कन्येला काही विचारायचं असेल तर विचारावं. मधल्या रांगेतून एक बाई उठली. तिच्या मांडीवरचं मूल तिने शेजारच्या माणसाकडे दिलं आणि माइक हातात घेतला.

"आम्ही घरात चौघं आहोत," ती म्हणाली. "दोन्ही मुलं लहान आहेत, खेळून येतात, धुवायला तर लागतातच. खूप करून पाहिलं. एका पाण्यात दोघांना आंघोळ घालते, पण शून्य काही होत नाही. आमच्यामुळे इमारत लाल झालीये, जिन्यात आमच्याशी कोणी बोलत नाही. मला फार मोठं काही विचारायचं नाही. तुमचे बाबा सकाळी उठल्यावर काय करतात, तेवढं सांगा. आम्ही तसंच करू."

हॉलमधे फोन बाहेर निघाले. लोकांना टिपून घ्यायचं होतं. माझ्या कागदावर याचंही उत्तर होतं, पहाटेच्या संकल्पाविषयी दोन ओळी. विभागप्रमुखांनी बसल्या जागेवरून मला कागद उलटायची खूण केली.

"ते उठत नाहीत," मी म्हणाले. "ते मेलेत."

माझा आवाज हॉलच्या मागच्या भिंतीवर आपटून परत आला. मला वाटलं तसं काही झालं नाही. बरेच जण ते फोनमधे लिहून घेत होते. निवेदकाने मोठ्या कौशल्याने माइक आपल्याकडे ओढला आणि सांगितलं, की ताईंनी किती मोजक्या शब्दांत इच्छांच्या मृत्यूबद्दल सांगितलं. टाळ्या झाल्या. तेवढ्यात मागच्या बाजूने एक गृहस्थ उभे राहिले आणि माइकशिवायच, पण अगदी नम्रपणे म्हणाले, की ते लक्षात आलं, आता प्रत्यक्ष पद्धत काय आहे तेवढं सांगावं.

मी निवेदकाच्या हातातून माइक घेतला.

"हीच पद्धत आहे," मी म्हणाले. "दुसरी नाही. माझे बाबा मेलेत, म्हणून त्यांना जमतंय. तुम्ही जिवंत आहात, तुम्हाला जमणार नाही." मग मला ती मधल्या रांगेतली बाई दिसली. ती अजून उभीच होती. "ताई, तुम्ही मुलांना आंघोळ घाला. आणि बाकीच्यांना सांगते, बाबा आज असते तर तुमच्यापैकी एकाचीही लिफ्ट चालली नसती, सगळं शहर लाल झालं असतं, आणि मला चाललं असतं. मला ते हवे होते."